शहराची दुसरी टॅली

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना सुटलेले काही आकडे छापताना घातले आहेत.)



मला विषय दिलाय जागांच्या भावांचा नकाशा आणि शहराचं नियोजन. नाव ऐकूनच चारसहा जण मघाशी चहाला सटकले. त्यांचा दोष नाही. मी स्वतः कविता लिहिणारा, पोटासाठी गोदीत माल उतरवणारा, शिक्षण मॅट्रिक. हा विषय माझ्या गळ्यात का, असं मी विचारलं. तर आपल्या मंडळींचं म्हणणं पडलं, की या विषयावर बोलणारे सगळे एकतर जागा विकणारे, नाहीतर विकत घेणारे. ज्याच्या पायाखालची जागा विकली जाते त्यानं एकदा बोलावं. पटलं. म्हणून उभा राहिलोय.

गोदीतल्या एका गोष्टीपासून सुरू करतो. जहाजातून माल उतरतो तेव्हा दोन माणसं वही घेऊन उभी असतात. एक जहाजाच्या बाजूनं, दुसरा माल उतरवून घेणाऱ्यांच्या बाजूनं. स्लिंग खाली आली की दोघंही आपापल्या वहीत खूण करतात. याला टॅली म्हणतात. पाळी संपली की दोन्ही वह्या समोरासमोर ठेवायच्या. आकडा जुळला तर सही. नाही जुळला तर भांडण, आणि भांडण मिटेपर्यंत सही नाही. उन्हात, पावसात, रात्री बाराला, ते भांडण व्हायलाच लागतं. एकच वही असती तर भांडण झालंच नसतं. जे त्या वहीत नाही ते जहाजातून उतरलंच नाही, असं ठरून मोकळं.

मुंबईच्या जागांच्या भावांची वही एकच आहे. ती सरकारजवळ आहे. तिचं नाव रेडी रेकनर. ती कशावरून लिहितात, तिच्यावरून आपल्याबद्दल काय काय ठरतं आणि आपल्याला दुसरी वही का लागते, एवढंच मला आज सांगायचंय.

आधी ही वही समजून घेऊ. सरकारी भाषेत तिला वार्षिक मूल्यदर तक्ता म्हणतात. मुळात ती मुद्रांक शुल्कासाठी. मुंबईत घर घेतलं की किमतीच्या ५ टक्के मुद्रांक आणि वर १ टक्का मेट्रोचा अधिभार सरकारात भरायचा. पैसेवाले निम्मे पैसे टेबलाखालून देणार आणि कागदावर किंमत कमी दाखवणार. म्हणून सरकार म्हणालं, भाग पाडून आम्हीच भाव ठरवतो. त्याच्याखाली कागद केलात तरी शुल्क आमच्या भावानं. इथपर्यंत काही वाईट नाही. नोंदणी महानिरीक्षकांचं कार्यालय हा तक्ता काढतं. २०१६ सालापासून तो १ एप्रिलला लागू होतो, त्याआधी १ जानेवारीला व्हायचा. एखाद्या वर्षी सरकार जुनेच भाव पुढं चालवतं.

यात शहराचे विभाग पाडलेत, विभागाचे पोटविभाग. हद्दी रस्त्यानं, रेल्वेलाइननं, नाल्यानं आखलेल्या. त्याखाली सिटी सर्व्हे नंबरांची यादी. आणि प्रत्येकासमोर पाच भाव: मोकळ्या जमिनीचा, राहत्या जागेचा, ऑफिसचा, दुकानाचा, कारखान्याचा. चौरस मीटरला इतके इतके रुपये. इमारत म्हातारी झाली की बांधकामाची किंमत उतरते, त्याचं कोष्टक वेगळं. जमिनीला मात्र म्हातारपण नाही. हे सगळं नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. पोरांनो, आज रात्री मोबाइलवर दुसरं काही बघण्याआधी आपल्या गल्लीचा भाव बघा. ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिचा भाव आपल्याला माहीत नसतो आणि दलालाला तोंडपाठ असतो. पहिला मार तिथंच बसतो.

हे भाव येतात कुठून? वर्षभरात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जी खरेदीखतं नोंदली जातात त्यांवरून मुख्यतः. कुठं भाव चढतोय, कुठं थांबलाय, कुठं नवीन स्टेशन आलं म्हणून उसळलाय, हे त्या कागदांवरून काढतात आणि नकाशावर बसवतात.

आता हात वर करून सांगा. इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या घराचं खरेदीखत नोंदलेलं आहे?

बघा. मोजायला टॅली क्लार्कसुद्धा लागत नाही.

आपल्याकडं खोली विकली जाते ती स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारून, लाइटबिलाची आणि रेशनकार्डाची झेरॉक्स जोडून, दोन साक्षीदार आणि एक दलाल बसवून. चाळीत पागडी चालते. भाड्याची खोली अकरा महिन्यांच्या कागदावर, नाहीतर नुसत्या तोंडावर. यात पैसा खरा असतो. बाईनं मंगळसूत्र मोडलेलं असतं, बापानं फंड काढलेला असतो, गावची अर्धा एकर गेलेली असते. पण तो पैसा त्या वहीत उतरत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, त्यातले ५२ लाखांच्या आसपास झोपडपट्टीत. म्हणजे शंभरातले चाळीसच्या वर. एवढ्या माणसांचा बाजार भावाच्या नकाशात नाही. आणि त्याच जनगणनेत याच शहरात सुमारे ४ लाख ८० हजार घरं कुलूपबंद, रिकामी सापडली. त्यातल्या ज्यांचे कागद नोंदलेले, ती घरं नकाशात आहेत. माणूस नसलेलं घर मोजलं जातं आणि घर नसलेला माणूस मोजला जात नाही, असला हा हिशोब.

तुम्ही म्हणाल, नसू दे ना वहीत. कर भरणारे जाणोत. दोस्तांनो, इथंच आपण फसतो. ही वही कराची राहिलेली नाही. शहराचं नियोजन तिच्यावर चालतं. महाराष्ट्र सरकारचं एक खातं आहे, त्याचं नावच नगररचना आणि मूल्यनिर्धारण. शहर कसं असावं हे ठरवणं आणि जमीन कितीला हे ठरवणं, दोन्ही एका पाटीवर. ती पाटी खोटं बोलत नाही.

चार उदाहरणं देतो.

पहिलं. एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करायचं त्याची मोजणी. मुंबईत ती १९६४ पासून आहे. ठरलेल्या मापापेक्षा जास्त बांधायचं तर बिल्डरनं अधिमूल्य भरायचं. किती? रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराचे अमुक टक्के. म्हणजे हवा विकायची आणि तिचा भाव त्या वहीतून काढायचा. २०२१ च्या जानेवारीत कोरोनाचं कारण सांगून सरकारनं ही अधिमूल्यं त्या वर्षाअखेरपर्यंत निम्मी केली. त्याच्या आदल्या वर्षी आपली माणसं रुळांवरून चालत गावाला गेली, त्यांच्या खोलीचं भाडं निम्मं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

दुसरं. झोपडपट्टी पुनर्वसन. १९९५ साली प्राधिकरण निघालं. तेव्हा २२५ चौरस फुटांची खोली फुकट देऊ म्हणाले, पुढं २६९ झाली, आता ३०० आहे. तीन आकडे आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. पण चौथा आकडा कुणी सांगत नाही. झोपडपट्टी सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर असेल तर बिल्डर त्या जमिनीपोटी रेडी रेकनरच्या दराचे २५ टक्के भरतो. चार आण्यांत जमीन. कारण काय, तर वर माणसं बसलीत, म्हणून जमीन स्वस्त. आणि आपल्याला उठवून वरच्या मजल्यांत कोंबलं, की उरलेल्या मोकळ्या तुकड्यावरचा टॉवर सोळा आण्यांनी विकायचा. आपलं बसणं जमिनीचा भाव पाडतं, आपलं उठणं भाव चढवतं. मधला फरक कुणाच्या खिशात जातो ते तुम्ही सांगा.

तिसरं. म्हाडाच्या जुन्या वसाहती आणि समूह पुनर्विकास. इथं बिल्डरला प्रोत्साहन म्हणून किती बांधकाम द्यायचं हे एका भागाकारानं ठरतं: जमिनीचा दर भागिले बांधकामाचा दर. दोन्ही दर त्याच वहीतले. जमीन महाग तिथं प्रोत्साहन थोडं कमी, स्वस्त तिथं जास्त. कागदावर न्याय दिसतो. पण वहीतला दर चुकला तर सगळी गणितं चुकतात, आणि ते गणित कुणी आपल्याला समजावून सांगत नाही. सोसायटीच्या सभेत बिल्डरचा माणूस चकचकीत पुस्तिका वाटतो, आणि आपण त्यात स्विमिंग पूलचं चित्र बघत बसतो.

चौथं. टीडीआर. एका जमिनीवरचा बांधकामाचा हक्क कागदावर उचलून दुसऱ्या ठिकाणी वापरायचा. २०१६ च्या धोरणात त्याचं सूत्र आहे: हक्क जिथं निर्माण झाला तिथला जमिनीचा दर, भागिले जिथं वापरायचा तिथला दर. समजा इथं चौरस मीटरला ५० हजार आणि तिथं १ लाख, तर इथले १०० मीटर तिथं ५० होतात. बरोबर आहे, नाहीतर स्वस्तातला हक्क महागात विकून लोक रातोरात कुबेर झाले असते. आता ऐका. धारावीतून निघणाऱ्या टीडीआरला या भागाकारातून सूट देणारा बदल २०२३ च्या नोव्हेंबरात पुढं आला. म्हणजे नकाशा गरज पडली तर गुंडाळूनही ठेवता येतो. तो कुणासाठी उघडायचा आणि कुणासाठी गुंडाळायचा, खरं राजकारण तेवढंच.

हा भाव माणसांना कुठं ढकलतो ते बघायचं तर एकदा मानखुर्द-गोवंडीला जा. रस्त्यासाठी, रेल्वेसाठी, नाल्यासाठी जे जे उठवले त्यांच्यासाठी बिल्डिंगी कुठं बांधल्या? लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, वाशी नाका. जिथं जमीन शहरात स्वस्त तिथं. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून, की खालच्या मजल्यावर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथल्या क्षयरोगाचा आणि हवा-उजेडाचा संबंध डॉक्टरांनी अभ्यास करून दाखवून दिलाय. माहुलची गोष्ट तर हायकोर्टापर्यंत गेली. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्यांत तळाला जो वॉर्ड आहे तो हाच, एम पूर्व. जमीन स्वस्त, म्हणून तिथं माणसं टाकायची. माणसं टाकली की शाळा, दवाखाना, पाणी पुरत नाही. ते पुरत नाही म्हणून भाव वर येत नाही. भाव येत नाही म्हणून आणखी माणसं टाकायची. गावाचा उकिरडा ठरवून गावाच्या खालच्या अंगाला असतो आणि आपला वाडाही त्याच अंगाला. शहरात ते काम भावाच्या नकाशानं केलं.

इथं कुणीतरी उठून म्हणेल, नकाशात जात कुठं आहे? खरंय. रेडी रेकनरमध्ये जातीचा रकाना नाही. जात दारात असते.

माझंच सांगतो. मागच्या वर्षी भाड्यानं खोली शोधत होतो. दलालानं तीन ठिकाणं दाखवली. पहिल्या ठिकाणी मालकानं नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग म्हणाला, "आमच्याकडं फॅमिलीवाल्यांनाच देतो." मी म्हटलं, आई आहे, बहीण आहे, फॅमिलीच आहे. तर म्हणाला, "विचार करून सांगतो." अजून विचार करतोय बिचारा. दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावणार का, असं आडून विचारलं. तिसरी मिळाली. पण डिपॉझिट शेजारच्या खोलीपेक्षा जास्त. शेजारची खोली तेवढीच, खिडकी तीच, संडास तोच. दलाल म्हणाला, "तुम्हाला कोणी देत नाय ना भाऊ, म्हणून थोडं वर." नकाशावर त्या इमारतीचा भाव एकच आहे. दारात भाव दोन आहेत. माझ्या आडनावाचा चौरस फुटाला किती रुपये पडले ते मी काढलंय, पण कुठं नोंदवायचं?

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. २०१५ साली छापून आलेल्या अभ्यासात सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत हेच तपासलं. भाड्याच्या घरासाठी फोन केले, प्रत्यक्ष माणसं पाठवली. सवर्ण, दलित, मुसलमान, सगळ्यांची विचारपूस सारखीच, फरक नावाचा. दलितांना नकार, मुसलमानांना त्याहून जास्त नकार, आणि जिथं होकार तिथं जादा अटी. थोरातांनी मोजलं म्हणून ते छापून आलं. मोजलं नसतं तर ती तक्रार चहाच्या टपरीवरच राहिली असती.

नकाशात माणसाचा रंगच लिहिला तर काय होतं, हे ज्यांच्याकडून आपल्या चळवळीनं नाव घेतलं त्यांनी भोगलंय. अमेरिकेत १९३३ साली मंदीत बुडणाऱ्या घरकर्जांसाठी सरकारनं एक महामंडळ काढलं. त्यानं पुढच्या काही वर्षांत दोनशेवर शहरांचे नकाशे केले. हिरवा म्हणजे उत्तम, निळा त्याखालोखाल, पिवळा घसरणीला लागलेला, लाल म्हणजे धोक्याचा. वस्तीत काळी माणसं किती, हे नकाशासोबतच्या फॉर्मवर भरायचं आणि त्यावरून वस्तीचा दर्जा पाडायचा. सरकारच्या कर्जविम्याचे नियम आणि बँका, सगळ्यांची नजर तीच. लाल भागात कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून छप्पर दुरुस्त होत नाही. छप्पर गळतं म्हणून भाव पडतो. आणि मग नकाशावाला म्हणतो, बघा, मी म्हटलंच होतं. ओकलंड शहराचा नकाशा १९३७ चा, त्यात वेस्ट ओकलंड लाल. त्याच ओकलंडात १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली, आणि तिच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर. १९६८ साली अमेरिकेत घराच्या बाबतीत भेदभावाला कायद्यानं बंदी आली. पण त्यांच्या संशोधकांनी ते जुने नकाशे पेटाऱ्यांतून बाहेर काढले, आजच्या शहरांवर ठेवले आणि दाखवून दिलं, की गरिबी अजून पुष्कळ ठिकाणी त्याच लाल रेषेत बसलीय. त्यांचा अन्याय लेखी होता म्हणून त्यांना पुरावा तरी सापडला. आपला तोंडी आहे. तो आपल्यालाच लिहून ठेवावा लागेल.

आता आपल्या शहराकडं परत येतो. वरळीच्या बीडीडी चाळी घ्या. ५ जानेवारी १९७४ ला तिथल्या मैदानात पँथरची सभा उधळली, दंगल पेटली, १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाला. ज्या खोल्यांतून ती पोरं बाहेर पडली त्या १६० चौरस फुटांच्या. आज तिथं टॉवर उठतायत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, ५०० चौरस फुटांचं घर. चांगलं झालं. लोक वर्षानुवर्षं भांडले म्हणून झालं. पण एकूण बीडीडी चाळी २०७. वरळी १२०, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२ आणि शिवडी १३. शिवडीच्या तेरा राहिल्या. का? बांधकाम तेच, माणसं तीच, भिंतीतलं गवत तेच. फरक एवढाच, की शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर आहेत. जमिनीचा मालक बदलला की माणसाचं नशीब बदलतं.

आणि बंदराची जमीन म्हणजे थोडी नाही. १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं आणि मुंबईच्या गोदीतलं काम हळूहळू खाडीपलीकडं गेलं. काम गेलं, जमीन राहिली. सुमारे ९६६ हेक्टरांसाठी २०१८ साली बंदरालाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं आणि डिसेंबरात आराखड्याचा मसुदा आला. जमिनीचा मालकही तोच, नियोजन करणाराही तोच. २०२४ च्या जानेवारीत शिवडीतून अटल सेतू सुरू झाला. आता त्या पट्ट्यातल्या जमिनीचा भाव कुठं चाललाय ते सांगायला पंडित नको. तिथंच कौला बंदर आहे, दारूखाना आहे. तिथं माणसं पाणी विकत घेऊन पितात. आराखड्यात समुद्र दिसणाऱ्या जागा आहेत. समुद्र तर आम्हाला रोज दिसतो, त्याचे पैसे पडतात हे माहीत नव्हतं.

गिरण्यांचंही असंच झालं. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ साली नियम बदलला, की वाटे फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीचे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. बाजार काय म्हणतो ते बघून नियम बदलतो. कामगार काय म्हणतो ते बघून बदललेला मी वाचला नाही.

मग करायचं काय? नुसती शिवी देऊन घरी जायचं तर शिवी मला चांगली येते. पण बाबासाहेब आठवा. परळच्या पोयबावडीच्या चाळीत राहणारा माणूस १९२३ साली लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर करतो. आपण दहा बाय दहाच्या खोलीत राहतो म्हणून आपली अक्कल दहा बाय दहाची नाही. आकडा हे त्यांचं हत्यार आहे, तर ते आपल्यालाही चालवता आलं पाहिजे.

दुसरी टॅली करायची. याआधी झालीय. १९८५ साली, फुटपाथवरच्या माणसांचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. जुलैमध्ये निकाल लागला: उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पण रीतसर नोटीस देऊन उठवता येईल. त्याच वर्षी भायखळ्याकडच्या फुटपाथवरच्या सुमारे ६ हजार कुटुंबांची गणना स्पार्क नावाच्या संस्थेनं तिथल्याच बायकांना बरोबर घेऊन केली. कुठून आले, कधी आले, काय काम करतात, पाणी कुठून आणतात. तोपर्यंत ही माणसं सरकारच्या वहीत भटकी, गर्दुल्ले, भिकारी. गणनेत निघाले हमाल, मोलकरणी, फेरीवाले, पिढ्यान्‌पिढ्या इथं राबणारे. दुसरी वही समोर आल्यावर पहिल्या वहीला बोलावं लागलं.

आणि दुसरं उदाहरण २०१५ चं. पालिकेनं विकास आराखड्याचा मसुदा काढला. त्यात असलेल्या इमारतींवरून रस्ते काढलेले, एका जागी दुसरीच गोष्ट दाखवलेली. लोक नकाशे घेऊन गल्लीत उतरले, चुका मोजल्या, साठ हजारांवर हरकती आणि सूचना गेल्या. एप्रिलमध्ये तो मसुदा मुख्यमंत्र्यांना बाजूला ठेवायला लागला. नवा मसुदा २०१६ ला आला आणि २०१८ ला मंजूर झाला. सगळं मिळालं असं नाही. पण सहीआधी भांडण झालं.

आम्ही चारपाच पोरांनी आमच्या गल्लीत सुरुवात केलीय. रविवारी दोन तास. वहीत रकाने असे: सिटी सर्व्हे नंबर. जमीन कुणाची, जिल्हाधिकाऱ्याची, पालिकेची, म्हाडाची, रेल्वेची, बंदराची की खासगी. घर किती बाय किती. भाडं, डिपॉझिट. पाण्याला महिन्याला किती. कामाची जागा किती लांब. कोण कुठून उठून इथं आलं. आणि शेवटचा रकाना आमचा स्वतःचा: खोली कुठं नाकारली आणि काय कारण सांगितलं. मग चौरस फुटाचा हिशोब काढायचा. समजा १०० फुटांच्या खोलीला ४ हजार भाडं, म्हणजे फुटाला ४० रुपये, वर पाण्याचे वेगळे. तो आकडा समोरच्या टॉवरच्या भाड्याशेजारी ठेवायचा आणि बघायचं कोण महाग राहतो.

पहिल्याच रविवारी आमच्या शेजारच्या मावशीनं आम्हाला हटकलं. भाजीचा धंदा करते, आयुष्यात दोनदा घर पाडलेलं पाहिलंय. म्हणाली, "बाळांनो, आकडा काढला की गिऱ्हाईक येतं. आज तुम्ही लिवून नेताय, उद्या तोच कागद बिल्डरच्या टेबलावर दिसंल. मंग कोण पात्र आन् कोण अपात्र ते तोच ठरवंल." आम्ही गप्प झालो. कारण ती खरं बोलत होती. वही दुधारी असते. पात्र-अपात्र या दोन शब्दांनी या शहरात जेवढी घरं मोडली तेवढी बुलडोझरनं मोडली नसतील.

दोन रविवार आम्ही वही उघडली नाही. मग मावशीलाच विचारलं, कसं करायचं. तिनं सांगितलं तसं ठरलं. वहीत नाव लिहायचं नाही, खोली नंबर लिहायचा नाही. वही गल्लीतच राहणार, बायकांच्या ताब्यात. बाहेर जाईल ती फक्त बेरीज. फोटो काढायचा नाही. ज्याला सांगायचं नाही त्याला विचारायचं नाही. आणि वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवल्याशिवाय एकही आकडा कुठल्याच कचेरीत द्यायचा नाही. तिला लिहिता येत नाही, पण टॅलीची खरी अक्कल तिच्याकडं आहे: माल कुणाचा, ते आधी ठरवा.

शेवटी एवढंच. आपल्याला भाव नको असं मी म्हणत नाही. आपल्या घरालाही भाव यावा, बहिणीच्या नावावर नोंदलेला कागद व्हावा, कुणाच्या दारात आडनाव सांगताना जीभ अडखळू नये, हेच तर मागतोय. पण जमिनीचा भाव काढताना त्या जमिनीवर कुणाचा घाम किती वर्षं पडला, नाला कुणी बुजवला, चिखलात भर कुणी घातली, दगड कुणी वाहिले, याचा रकाना पाहिजे. खाजण होतं तेव्हा तिथं कुत्रं फिरकत नव्हतं. आपण राहिलो म्हणून ती जमीन झाली.

प्रत्येक वस्तीतल्या पोरांनी एक एक गल्ली घ्या. मोठं काम नाही. एक वही, एक टेप, दोन पोरी, दोन पोरं आणि एक मावशी. त्यांची वही १ एप्रिलला निघते. आपली १४ एप्रिलला निघू दे. मग दोन्ही समोरासमोर ठेवू.

आकडा जुळेपर्यंत सही नाही.

जयभीम.